कॅमेऱ्यामागचा भाऊ

दसरा सरला की आमच्या जिन्यात भाजणीचा वास यायला लागतो. पूर्वीइतका नाही म्हणा. आता बहुतेक जणी नाक्यावरून तयार चकल्या आणतात, पाकीट फोडून स्टीलच्या डब्यात ओततात आणि "घरच्याच हो!" म्हणून पुढे करतात. मी खाते आणि "छान झाल्यात" म्हणते. खोट्याला खोटं, फिटंफाट. पण चौथ्या मजल्यावरच्या जोशीबाई अजून हट्टानं डाळी भाजतात. आधी तांदूळ, मग हरभऱ्याची डाळ, मग उडीद, शेवटी धणे-जिरे. धण्यांचा वास खाली उतरला की मी उठते आणि दार लावून घेते. जोशीबाईंना वाटतं, मला धुराचा त्रास होतो. त्यांनी एकदा माझ्यासाठी खोकल्याचा काढाही पाठवला होता. तो मी प्यायले.

बाकी सगळ्यांसाठी हा वास दिवाळीचा. माझ्यासाठी तो पितृपंधरवड्याचा आहे. पंच्याऐंशी साली आमच्या घरी भाजणी भलत्याच वेळी भाजली गेली, आणि तेव्हापासून माझं नाक ती तिथी सोडायला तयार नाही. या दिवसांत मला दिवाळी आठवत नाही. आठवतो एक दगडी पूल, मी कधीही न पाहिलेला, आणि त्याच्यावर ओव्हरकोट घालून उभे असलेले नाडकर्णी सर.

तेव्हाची वाशी सांगितली तर आताच्या मुलांना वाटतं, म्हातारी थापा मारते. रेल्वे नव्हती. फोर्टातल्या माझ्या बँकेतून सुटलं की बस, मग खाडीपुलावरचा वारा, मग आमचा स्टॉप, आणि स्टॉपपासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत. इमारती होत्या, पण म्हाताऱ्याच्या दातांसारख्या विरळ. खिडकीतून मिठागरं दिसायची. ओहोटीला चिखलाचा वास यायचा आणि वारा फिरला की ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांचा, गोडूस, घशात बसणारा. आई म्हणायची, "आज कंपनीनं काय शिजत घातलंय कोण जाणे, फोडणी करपली वाटतं." विनोद करायची, पण गिरगावच्या चाळीतून आलेली बाई ती. तिथं गॅलरीत उभं राहून "अगं ए" म्हटलं की चार दारं उघडायची. इथं दिवसच्या दिवस दार वाजत नसे. संध्याकाळी मी वळणावर दिसेपर्यंत ती बाल्कनीत उभी असायची, आणि मी दिसले की पटकन आत जायची. मी ते पाहिलेलं असायचं. तरी दार उघडताना ती विचारायची, "आलीस? आज लवकर?"

या आडरानात आम्ही आलो ते माझ्या भावापायी. अवी माझ्याहून मोठा, पण त्याला दादा म्हणायची सवय मला कधी लागली नाही. वडील आमच्या शाळेच्या वयातच गेले होते. अवी रबाळ्याच्या एका यंत्रांच्या कारखान्यात लागला आणि शहात्तर साली कंपनीनं त्याला शिकायला जर्मनीला धाडलं. जाताना म्हणाला, "दोन वर्षांत येतो. तोवर कंपनीच्या जवळ घर बघून ठेवा." आम्ही आज्ञाधारक माणसं. चाळीतली खोली सोडली आणि इथं आलो. दोन वर्षांनी अवीनं तिथंच दुसरी नोकरी धरली. आधी पंधरा दिवसांनी पत्र यायचं, मग सणाला, मग नाताळचं नुसतं कार्ड, आणि पंच्याऐंशीत तर दोन वर्षं काहीच आलं नव्हतं. शेवटचा पत्ता रेगेन्सबुर्ग नावाच्या एका जुन्या शहरातला होता. आई त्याला "अवीचं गाव" म्हणायची, जशी काही तिथं आमची शेती होती.

घरातली आतली खोली अवीची. पलंग, टेबल, खाडीकडची खिडकी. मी बाहेरच्या खोलीत घडीच्या कॉटवर झोपायचे आणि आई स्वयंपाकघरात. जो माणूस घरात एकदाही झोपला नव्हता त्याला खोली होती, आणि ज्या दोघी राहत होत्या त्यांना नव्हती. तेव्हा हे विचित्र वाटत नसे. आई दर रविवारी त्याची गादी उन्हात टाकायची आणि मी ती उचलायला मदत करायचे.

नाडकर्णी सर आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे, मृदू बोलायचे, जिन्यात भेटले तर बाजूला होऊन आधी तुम्हाला जाऊ द्यायचे. त्यांना जर्मन येत होतं, आणि त्या वर्षी म्युनिकच्या एका विद्यापीठानं त्यांना पाच आठवड्यांसाठी पाहुणे अध्यापक म्हणून बोलावलं. सोसायटीत बातमी पसरली. आई वाटीत साखर घेऊन खाली गेली आणि साखर हातावर ठेवायच्या आधीच म्हणाली, "सर, अवीचं गाव तिथनं लांब आहे का हो?" सरांनी नकाशा काढून दाखवला. रेल्वेनं दीड-दोन तास. "एखाद्या शनिवार-रविवारी जाऊन येईन की, बाई. मलाही ते शहर बघायचंच आहे. आठशे वर्षांचा पूल आहे तिथं." आई वर आली ती पुलाचं काही बोलली नाही. तिनं तांदूळ धुवायला घेतले.

सर निघणार होते सर्वपित्रीच्या आत. म्हणजे फराळ करायचा तो पितृपंधरवड्यात. ज्या दिवसांत नवीन झाडू आणत नाहीत, त्या दिवसांत आमच्याकडे कढई चढली. गावातली भाजीवाली काकी दारात टोपली उतरवता उतरवता थबकली. "काय गो बाय, पितरांचे दिसान दिवाली आली काय तुमचे घरान?" आईनं झारा हलवत उत्तर दिलं, "माझ्या पितरांना ठाऊक आहे त्यांचा नातू कुठं आहे ते. ते समजून घेतील. तू गवार दे." कडबोळी तिनं एरवीपेक्षा जास्त खरपूस तळली, प्रवासात मऊ पडू नयेत म्हणून. शंकरपाळे केले. चिवड्यात खोबरं घातलं नाही, खवट होतं म्हणून. अख्ख्या जिन्यात धण्यांचा वास कोंडला आणि बाहेर कावळे श्राद्धाच्या पानावर ओरडत होते. तोच वास मला अजून येतो.

मी माझी भर घातली. भाऊबीजेला भाऊ जवळ नसला की बायका चंद्राला ओवाळतात. अवी गेल्यापासून मी गच्चीवर जाऊन तेच करत आले होते. बीजेचा चंद्र म्हणजे नखाएवढी कोर, सूर्यापाठोपाठ बुडणारी. ताम्हण घेऊन धावत जिना चढायचा, नाहीतर भाऊ निसटला. त्या वर्षी मी कागदाच्या पुडीत कुंकू आणि अक्षता बांधल्या आणि सरांना म्हणाले, "त्याच्या कपाळाला लावाल का? माझ्याकडून." सरांनी पुडी शर्टाच्या खिशात ठेवली, बॅगेत नाही. मला ते फार आवडलं.

या सगळ्यात माझं स्वतःचं एक प्रकरण चालू होतं. बँकेतली ऑफिसरची परीक्षा मी पास झाले होते. बढती म्हणजे बदली, हे बँकेतल्या कोणालाही सांगावं लागत नाही. मला कोल्हापूर मिळालं होतं. लोक बदली म्हटली की तोंड पाडतात, मला आतून उकळ्या फुटत होत्या. आमच्या शाखेतली एक बाई कोल्हापूरची होती, तिच्याकडून मी रंकाळ्याजवळच्या एका खोलीची चौकशीही करून ठेवली होती. माझी खोली. माझं कुलूप. पितळी स्टोव्ह कुठं ठेवायचा तेसुद्धा मी बसमध्ये बसल्या बसल्या ठरवायचे. आईला म्हटलं, "तूपण चल." ती म्हणाली, "आणि अवी आला तर? दाराला कुलूप बघून परत जाईल. हा एवढाच पत्ता आहे त्याच्याकडे आपला." मी म्हटलं, "आणि यायचाच नसला तर?" आई म्हणाली, "सर जाऊन येऊ देत. मग ठरवू."

तसा आमचा ठराव झाला, न बोलता. अवी येणार असेल तर एक वर्ष थांबायचं, बढती एकदा पुढे ढकलता येत होती. येणार नसेल तर जानेवारीत जायचं, आईला घेऊन, आणि ती नाहीच म्हणाली तर तिच्याशिवाय. हे शेवटचं मी मोठ्यानं बोलले नव्हते. पण एक दिवस मी लोखंडी ट्रंक विकत घेऊन बसमधून घरी आणली. आईनं ट्रंकेकडे पाहिलं आणि म्हणाली, "जड आहे गं." मग तिच्यावर चादर घातली, धूळ बसू नये म्हणून.

सर दिवाळीच्या तोंडावर परत आले. त्या दिवशी मी बँकेत होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा आई रवा भाजत होती. मी चप्पल काढायच्या आत विचारलं, "भेटला?" ती म्हणाली, "भेटला. बरा आहे. बाकी सगळं सर पडद्यावर दाखवणार आहेत." आणि रवा हलवत राहिली. मला तिचा थोडा रागच आला. दोन वर्षांनी मुलाची खबर आली आणि ही बाई रवा लागेल म्हणून खाली बघतेय! मग वाटलं, फार सुख झालं की ती अशीच करते.

तेव्हा परदेशी जाऊन आलेला माणूस सोसायटीला फोटो दाखवल्याशिवाय सुटत नसे. पाडव्याच्या संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीला पांढरी चादर बांधली. सरांनी कॉलेजातून प्रोजेक्टर आणला होता. सतरंज्या, खुर्च्या, पायांशी पणत्या, प्रत्येकाच्या हातात कोणाच्या तरी घरचा लाडू. आई पहिल्या रांगेत, इरकली नेसून. पहिली स्लाइड उलटी लागली, सर डोक्यावर उभे राहिले आणि पोरं खिदळली. मग पूल आला. लांबलचक, दगडी, कमानीच्या कमानी, खाली रुंद करडी नदी. पलीकडे मोठ्या चर्चचे दोन टोकदार मनोरे. पुलावर सर. पुढच्या स्लाइडमध्ये अरुंद गल्ली, पिवळ्या आणि गुलाबी भिंती, गल्लीत सर. मग पानगळीचं झाड, झाडाखाली सर. मग कारंजं आणि सर.

दुसऱ्या मजल्यावरचे सावंत ओरडले, "सर, सगळीकडे तुमीच! आमचा अवी कुठाय?"

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. सर म्हणाले, "फोटो तोच काढतोय ना."

सगळी गच्ची हसली. आई म्हणाली, "तरीच वाकडा आलाय. अवीचा हात असाच. कॅरमचा स्ट्रायकरपण कलता धरायचा." पुन्हा हशा. मी हसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण एका क्षणात सगळ्या चित्रांचा अर्थ बदलला. हा पूल अवीला असा दिसतो. ही गल्ली तो इथं उभा राहून बघतोय. सर नव्हतेच ते, आम्ही अवीच्या डोळ्यांनी बघत होतो. आणि मग एक चित्र आलं, उन्हाचं, ज्यात खाली फरसबंदीवर फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती. लांब पाय, वर धरलेले कोपर. कोणी काही बोलायच्या आत आई उठली, चादरीजवळ गेली आणि त्या सावलीपाशी हात नेला. तिची स्वतःचीच सावली चादरीवर पडली आणि चित्र झाकून गेलं. सावंतबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

जागेवर येऊन बसल्यावर आईनं मोठ्यानं विचारलं, "येणार कधी म्हणाला, सर?"

सरांनी स्लाइड बदलली. "पुढच्या दिवाळीपर्यंत. नक्की म्हणाला."

आई मागे वळली. "ऐकलंस ना, विजू?"

कडबोळ्यांबद्दलही सर पुष्कळ बोलले. एकही मोडलं नव्हतं म्हणाले, ओव्याचा स्वाद उतरला होता, आणि तळाच्या डब्यातली तर वरच्यापेक्षाही खुसखुशीत होती. इतकं बारीक सांगत होते की शंका घ्यायला जागाच नव्हती. जिना उतरताना मी त्यांना गाठलं. "सर, कुंकू?" ते थांबले. "लावलं. त्या पुलावरच. थंडी होती, त्यानं टोपी जरा वर केली." दुसऱ्या दिवशी भाऊबीज. खाडीवर कोर आली, तांबूस, अगदी बारीक. मी गच्चीवर गेले, पण ताम्हण नेलं नाही. माझी ओवाळणी झाली होती. चंद्राकडे मी त्या दिवशी नुसता चंद्र म्हणून पाहिलं, आणि सोमवारी बँकेत जाऊन बढती वर्षभर पुढे ढकलत असल्याचं सांगितलं.

पुढची दिवाळी आली. अवी आला नाही. आई म्हणाली, "नोकरी आहे त्याची, सुट्टी नसेल मिळाली. सर म्हणाले ना, नक्की येणार." मी पुन्हा नाही म्हटलं, आणि दुसऱ्यांदा नाही म्हटल्यावर बँकेनं माझं नाव यादीतून काढलं. कोल्हापूरला माझ्या मागून पास झालेली एक मुलगी गेली. ट्रंकेत आईनं जादा अंथरुणं भरली. त्या काळात नाडकर्णी सर मला टाळायचे असं आता लक्षात येतं. मी समोरून आले की त्यांना काहीतरी विसरल्याचं आठवायचं. मी मनात म्हणायचे, किती भिडस्त माणूस! आपण आभार मानू म्हणून पळतो. आईच्या गुडघ्यांनी जिना सोडला, मग बाल्कनीही सोडली. ती खुर्चीत बसून माझी वाट बघायची. अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात ती गेली.

रबाळ्याच्या अवीच्या जुन्या कंपनीतल्या एका साहेबांनी खटपट करून त्याचा फोन मिळवून दिला. तो हॅम्बुर्गला असल्याचं कळलं. फोनवर रडला. मी धरून चालले की अलीकडेच तिकडे गेला असेल. तो आला दिवाळीत. घरात माणूस गेलं की त्या वर्षी फराळ करत नाहीत, शेजारीपाजारी आणून देतात. टेबलावर सात घरांच्या चकल्या मांडल्या होत्या, प्रत्येकीचा काटा वेगळा. बारा वर्षांनी आलेला माझा भाऊ टक्कल पडलेला, अंगानं सुटलेला, मराठी बोलताना मध्येच अडखळणारा. त्यानं सावंतांची चकली मोडली आणि म्हणाला, "आईच्या हातची नाही ही." मी म्हटलं, "तुला शेवटची मिळाली ती पंच्याऐंशीची कडबोळी. नाडकर्णी सरांनी आणलेली."

"कोण सर?"

मी सांगायला लागले. पूल, गल्ली, वाकडे फोटो, टोपी. तो चकली हातात धरून ऐकत होता. मग म्हणाला, "विजू, मी त्र्याऐंशीतच रेगेन्सबुर्ग सोडलं. कळवलं होतं ना मी?"

"नाही."

"मग राहिलं असेल," तो म्हणाला, आणि चकली खाल्ली.

राहिलं असेल! गॅस बंद करायचा राहतो, छत्री राहते. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही, शेजाऱ्यांनी ऐकलंच आहे. पण बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की माझा खरा राग याच्यावर नाहीच. हा कधी नव्हताच. नव्हता त्याला होता म्हणणारा माणूस तीन जिने खाली बसलाय. मी तशीच खाली उतरले.

सर झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मी म्हटलं, "सर, अवी तुम्हाला भेटला नव्हता." त्यांनी पेपर घडी केला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला. म्हणाले, "म्हणजे तुझ्या आईनं तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही?"

मला पहिल्यांदा ते वाक्यच समजलं नाही.

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते खरोखरच गेले होते. शनिवारी सकाळी उतरले तेव्हा नदीवर धुकं होतं, पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. पत्त्यावरच्या म्हातारीनं दारातूनच सांगितलं, ते गृहस्थ गेले, कुठं ते माहीत नाही. सरांनी खालच्या दुकानात विचारलं, चर्चच्या कचेरीत विचारलं, कोणाला काही ठाऊक नव्हतं. राहायची खोली घेतलेली होती, म्हणून राहिले. नदीकाठी मांस भाजायच्या दुकानांचा धूर, पोटात भूक, हातात आमची पिशवी. "पुलाच्या कठड्यावर बसलो आणि म्हटलं, एक खाऊन बघू. मग थांबवेना. विजया, शपथेवर सांगतो, ते शहर मी कडबोळी खात खात पाहिलं." फोटो येणाऱ्या-जाणाऱ्यांनी काढले होते, दर वेळी वेगळ्या माणसानं. सावली कोणाची होती ते त्यांना आठवतही नव्हतं.

"आणि परत आल्यावर?"

"आलो त्याच दुपारी बाई आल्या. तू कामावर होतीस. मी खरं ते सांगितलं. मला खोटं बोलायचं नव्हतं गं. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, फराळाचं काय केलंत? म्हटलं, मीच खाल्ला. म्हणाल्या, बरं झालं, वाया नाही गेला." सरांनी पेपर बाजूला ठेवला. "मग म्हणाल्या, विजूला यातलं सांगू नका. अवी भेटला म्हणा, येणार आहे म्हणा. नाहीतर ती कोल्हापूरला जाईल. मला इथं एकटीला राहायची भीती वाटते."

मी त्यांना विचारलं, "आणि टोपी? त्यानं टोपी वर केली म्हणालात, तेही आईनं सांगितलं होतं?"

"नाही," सर म्हणाले. "ते मी माझ्या मनचं घातलं. तू इतकं आशेनं विचारलंस."

जिना चढताना मला पायऱ्या दिसत नव्हत्या. इतकी वर्षं मी समजत होते, ती सगळी गच्ची, चादर, पणत्या, हे आईसाठी होतं. ते माझ्या एकटीसाठी होतं. गच्चीवर इतकी माणसं बसली होती आणि त्यातल्या एकीलाच फसवायचं होतं. "अवीचा हात असाच" म्हणाली ती. "येणार कधी" असं मोठ्यानं विचारलं, उत्तर स्वतःच शिकवून ठेवून. मागे वळून मला विचारलं, ऐकलंस ना. आणि ती सावली? सावलीला हात लावायला गेली तेव्हाही तिला माहीत होतं की तो कोणी परका आहे. तेवढं एक मला आजही उलगडत नाही. ते नाटक होतं, की मुलगा नाही तर निदान त्याच्या गावातल्या माणसाची सावली, असं काही होतं? विचारायला ती नाही. सर होते आणखी काही वर्षं, पण मी त्यांच्याशी पुन्हा बोलले नाही. ते जिन्यात बाजूला होऊन मला जागा द्यायचे आणि मी जायचे.

अवी त्या खेपेला पंधरा दिवस राहिला, आतल्या खोलीत, खाडीकडच्या खिडकीशी. त्याला शांत झोप लागायची. तो गेल्यावर मी माझी कॉट आत नेली. हेड क्लार्क म्हणून रिटायर झाले. रेल्वे आली, गवत गेलं, मिठागरांच्या बाजूला काचेच्या इमारती झाल्या, आणि या घरात आता दिवसभर दार वाजत असतं, कधी कुरिअर, कधी कोणी. आईला हे आवडलं असतं. एवढी गजबज असती तर तिनं मला जाऊ दिलं असतं का, असाही विचार मी करून पाहिला आहे.

पण जास्त करून मी एकच वाक्य म्हणत आले, देवापुढं शुभंकरोति म्हणावं तसं, रोज. मला नुसतं "जाऊ नकोस" म्हणाली असती तरी मी राहिले असते. फसवायची काय गरज होती? मुलगी होते मी तिची. भीती वाटते म्हणाली असती, हात धरला असता, मी ट्रंक परत करून आले असते. या वाक्यानं मला फार आधार दिला. त्यात मी चांगली होते आणि आई वाईट होती.

यंदा दिवाळीच्या आधी शेजारच्या कदमांची नेहा बंगलोरला गेली. नोकरी लागली, लगेच हजर व्हायला सांगितलं. कदमवहिनींचे यजमान मागच्याच वर्षी गेले, घरात आता त्या एकट्या. "मावशी, तुमी तरी सांगा ना तिला," म्हणून माझ्याकडे दोनदा आल्या. नेहाकडे मी गेले नाही. मग निघायच्या दिवशी टॅक्सी फाटकात उभी राहिली आणि वहिनींनी वॉचमनसमोर, सगळ्यांसमोर मुलीचा हात धरला. "नेहा, नको ना गं जाऊ. मला एकटीला नाही राहवत. माझ्यासाठी राहा." इतकं स्वच्छ, इतकं उघड कोणी कोणाकडे मागितलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नेहा रडली. आईला घट्ट मिठी मारली, "रोज फोन करीन, मम्मी" म्हणाली, आणि टॅक्सीत बसली. गाडी स्टेशनच्या रस्त्याला वळली.

मी तिथंच उभी होते, आणि माझं रोजचं वाक्य तोंडात आलं ते पुढे सरकेना. मीही अशीच रडले असते. अशीच मिठी मारली असती. आणि गेले असते. रंकाळ्याजवळची खोली होती, पितळी स्टोव्ह होता, मी एकतीस वर्षांची होते. आईनं मला विचारलं नाही, कारण तिला उत्तर माहीत होतं. तिनं मला फसवलं हा राग तसाच आहे, तसूभर कमी झालेला नाही आणि मला तो कमी करायचाही नाही. पण तिनं मला ओळखण्यात चूक केली नव्हती, हे आता त्याच्या शेजारी येऊन बसलंय आणि उठत नाही.

कदमवहिनींना मी वर घेऊन आले, चहा टाकला. त्यांनी दोन घोट घेतले. मग म्हणाल्या, "मावशी, मी तिला कायतरी खोटं सांगायला पायजे होतं का हो? आजारी आहे वगैरे?"

मी म्हटलं, "थांबली असती."